भिंतीवर नसलेली माणसं

माझ्या आणि काचवालीच्या गाळ्यांमध्ये प्लायवुडचा एक आडोसा आहे. त्याला भिंत म्हणायची माझी तयारी नाही. तिकडे तिने खिळा ठोकला की इकडे माझी दोऱ्याची रिळं फळीवरून उड्या मारतात. मी कपडे अल्टर करते. बारीक झालेल्यांचे आवळायचे, सुटलेल्यांचे उसवायचे, चेन बदलायची, पँटी आखूड करायच्या. ती फोटोंना फ्रेमा करते. मी कान झाकून बसणाऱ्या बायकांतली नाही, हे आधीच सांगून टाकते. पुढे जे सांगणार आहे त्यातलं निम्मं या प्लायवुडमधून आलेलं आहे आणि बाकीचं बहुतेक तिच्या तोंडून.

तिचं काम बघत बसावं असं असतं. जाड कापडावर काच आडवी ठेवते, वर लाकडी पट्टी धरते आणि कटर एकदाच ओढते. पुन्हा त्याच रेघेवरून फिरवला की काच वाटेल तशी फुटते. मग ती रेघ टेबलाच्या काठावर आणून नुसता अंगठा दाबायचा. कट् असा आवाज येतो आणि काच सरळ दुभंगते. माझ्या शिलाईत एवढी सरळ रेघ मी कधी मारलेली नाही, पण हे तिला सांगायला मी काही जात नाही.

दुकानाची मागची भिंत तिच्या सासऱ्यांनी ठरवून ठेवलेली. घरातलं माणूस गेलं की त्याच्या फोटोला दुकानातली सगळ्यात उंची पट्टी लावायची आणि त्या भिंतीवर टांगायचं. गिऱ्हाईक येतं, बोट दाखवतं, "तसली द्या." म्हणजे मेल्यावरही माणसं धंद्याला जुंपलेली. मी एकदा असं म्हणाले तेव्हा काचवाली तोंडाला पदर लावून हसली होती आणि तिच्या सासूने कित्येक दिवस माझ्याकडे बघितलं नव्हतं. भिंतीवर सासऱ्यांचे आईबाप आहेत, खुद्द सासरे आहेत, काचवालीचा नवरा आहे आणि दीर आहे. पहिले तिघं पिकल्या केसांचे. शेवटचे दोघे इतके तरुण आहेत की नवीन गिऱ्हाईक विचारतं, हे नमुन्याचे फोटो का?

काचवाली लग्न होऊन आली त्याच वर्षी दीर गेला. साधा ताप होता. डॉक्टर म्हणाला, "व्हायरल आहे, दोन दिवस वाट बघा." वाट बघितली. ताप छातीत उतरला, ओठ निळे पडले आणि धडधाकट पोरगा गेला. काही वर्षांनी नवऱ्याचं अगदी तेच झालं. तेव्हा थोरला मुलगा शाळेत जायला लागला होता आणि मुलगी अजून रांगत होती. त्या वेळच्या डॉक्टरनेही वाट बघायलाच सांगितलं होतं.

नवऱ्याची फ्रेम तिनेच केली. दुसरं होतं कोण करायला? चौकटीचा एक कोपरा नीट बसला नाही, बारीकशी फट राहिली. ती फट अजून आहे.

सासूने दोन्ही मरणांचं खापर तिच्यावर फोडलं. "ही दारात आली आणि माझं घर बसलं. पांढऱ्या पायाची आहे." हे घरात म्हटलं असतं तर एक वेळ सोडून दिलं असतं. म्हातारी दुकानात स्टुलावर बसून गिऱ्हाइकांना ऐकवायची. काचवाली पलीकडे पट्टी घासत असायची. गिऱ्हाईक बिचारं फोटो न्यायला आलेलं, त्याने काय करावं? ते मान हलवायचं. सगळेच मान हलवायचे. अशा मान हलवणाऱ्यांची मला म्हातारीपेक्षा जास्त चीड यायची.

मी तिला कैकदा म्हटलं, "तू ऐकून का घेतेस? एकदा तोंडावर सुनाव की." ती म्हणायची, "कशी सुनावू? त्यांची दोन्ही पोरं गेलीत गं." आणि एकदा, कात्री मागायला आली होती तेव्हा, माझ्याकडे न बघता म्हणाली, "कधी कधी मला वाटतं, खरंच काहीतरी असेल माझ्यात." तेव्हा मला म्हातारीचा गळा धरावासा वाटला. दुसऱ्याने नाव ठेवणं वेगळं. इथे तर या बाईने रोज ऐकून ऐकून स्वतःच मान हलवायला सुरुवात केली होती.

तिचे वडील वारले तेव्हा तिने त्यांचा फोटो आणला. उरल्यासुरल्या तुकड्यांतून फ्रेम केली, उंची पट्टीला हातही लावला नाही. भिंतीवर एका बाजूला टांगू का, असं विचारलं. म्हातारी म्हणाली, "हे दुकान आहे. तुझं माहेर नाही. माहेरची माणसं इथे लागत नाहीत. माझीसुद्धा नाही लावली कधी." तो फोटो तिने घरी नेऊन कपाटावर ठेवला. म्हातारीचं ते शेवटचं वाक्य तेव्हा कुणाच्याच ध्यानात राहिलं नाही. मलाही ते नंतर आठवलं.

बाप आणि काका असे गेल्यामुळे तिने मुलाला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. जरा शिंकला की अंथरुणात. तो फुटबॉल चांगला खेळायचा. पावसात खेळावं लागतं म्हणून तिने तो सोडायला लावला. शाळेची सहल नाही, पोहणं नाही. पोरगा चिडून चिडून शेवटी गप्प झाला आणि मोठा होऊन नोकरीच्या निमित्ताने लांब गेला तो गेलाच. मुलीकडे मात्र कुणी बघितलं नाही. ती पावसात भिजली, थंडीत हिंडली, तिला कधी साधं पडसंही झालं नाही. घरात म्हणायचे, पोरीची जात दणकट.

त्या दणकट पोरीचं लग्न झालं आणि तिला मुलगा झाला. पोर वर्षाच्या आतलं होतं तेव्हा त्याला ताप आला. बाकीचं मी सांगायची गरज नाही. फरक एवढाच की या खेपेला काचवाली वाट बघायला तयार नव्हती. तिने इस्पितळाच्या पायऱ्यांवर असा तमाशा केला की त्यांनी पोराला आत घेतलं. त्याला यंत्रावर ठेवावं लागलं, पण ते वाचलं. तिथेच एका तरुण डॉक्टरीणबाईने विचारलं, "या घरात आणखी कुणी असं गेलंय का?" आणि पोराचं, त्याच्या आईचं आणि काचवालीचं रक्त तपासायला पाठवलं.

निकाल ऐकायला काचवालीने मला बरोबर नेलं. मुलगी पोराजवळ होती. डॉक्टरीणबाई भली होती, घाईत नव्हती. ती म्हणाली, "आपल्या अंगात एक जीन असतो, तो दारावरच्या राखणदारासारखा समजा. विषाणू आत शिरला की आरडाओरडा करायचं त्याचं काम. बाळाच्या त्या जीनमध्ये एक बदल आहे. बहुतेक याचा राखणदार झोपलेला आहे. बायकांमध्ये याच्या दोन प्रती असतात, एक बिघडली तर दुसरी निभावून नेते. पुरुषांत एकच. म्हणून बाळाच्या आईला काही झालं नाही. तिच्याकडूनच तो बाळाला आलाय."

"आणि तिला माझ्याकडून," काचवाली म्हणाली. आरोपी कबुली देतो तशी म्हणाली.

"नाही. तुमचं रक्त आम्ही तपासलं. तुमच्यात हा बदल नाही. तिला वडिलांकडून आला, आणि वडिलांना त्यांच्या आईकडून. दुसरी वाटच नाही."

काचवाली बराच वेळ टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिली. मग विचारलं, "आणि माझा मुलगा?"

"हा जीन वडिलांकडून मुलाला जात नाही. फक्त मुलीला जातो. तुमच्या मुलाला धोका नव्हताच कधी."

मला त्या पोराचे फुटबॉलचे बूट आठवले. माझ्याच दुकानात खुंटीला लटकायचे, आईला दिसू नयेत म्हणून.

पण डॉक्टरीणबाईचं संपलं नव्हतं. "अडचण अशी आहे की हा बदल खरोखर घातक आहे असं मी लिहून देऊ शकत नाही. अहवालात 'अर्थ अनिश्चित' असं आलंय. जगभरच्या माणसांचे नमुने एका ठिकाणी साठवलेत, त्यांच्याशी ताडून बघतात. पण त्यातले बहुतेक नमुने मोजक्या श्रीमंत देशांतले आहेत, एकाच तऱ्हेच्या लोकांचे. आपल्यासारखी माणसं त्यात मूठभर. हा बदल त्यांच्यात कुणातच सापडला नाही. आता तो दुर्मीळ आणि घातक आहे म्हणून सापडला नाही, की आपल्या लोकांत सर्रास आणि निरुपद्रवी आहे पण आपल्याला कुणी तपासलंच नाही म्हणून सापडला नाही, हे सांगता येत नाही."

म्हणजे तिथेही एक भिंत होती आणि त्यांनीही आपापलीच माणसं टांगून ठेवली होती. मला इतका संताप आला की मी म्हटलं, "आणि मरायचं मात्र सगळ्यांनी!"

त्या अनिश्चित शब्दाने काय अडत होतं ते डॉक्टरीणबाईने समजावलं. निश्चित असतं तर पोराच्या फाईलवर लाल खूण लागली असती. ताप आला की पहिल्याच दिवशी भरती आणि पहिल्याच दिवशी ते खास औषध. औषध थोडंच येतं, लाल खुणेवाल्यांनाच मिळतं. खूण नसेल तर याला इतर मुलांसारखंच वागवणार. व्हायरल आहे, वाट बघा.

"घरातूनच पुरावा मिळाला तर अर्थ ठरवता येईल," ती म्हणाली. "तुमच्या सासूबाईंच्या माहेरी कुणी पुरुष असे तापाने गेलेत का?"

काचवालीने डोळे मिटले. ती काय बघत होती ते मला ठाऊक आहे. ती मागची भिंत बघत होती, एकेका फ्रेमवरून नजर फिरवत होती. या घरातली मेलेली माणसं म्हणजे भिंतीवरची माणसं, हे तिच्या इतकं अंगवळणी पडलेलं होतं. तिने डोळे उघडले आणि ठामपणे सांगितलं, "नाही. तिकडे कुणी नाही." डॉक्टरीणबाईने तसं लिहून घेतलं.

त्यानंतर मुलगी पोराला घेऊन आईकडे राहायला आली. तिच्या सासूने फोनवर ऐकवलं होतं, "आमच्या घरात कधी असलं नव्हतं, तूच घेऊन आलीस." आईने जे पुराव्याशिवाय ऐकलं ते लेकीने आता इस्पितळाच्या शिक्क्यासकट ऐकलं, एवढीच काय ती प्रगती.

एका दुपारी मुलगी दुकानात बसली होती, पोर मांडीवर झोपलेलं. त्याची छाती अजून जरा घरघरायची. म्हातारी स्टुलावरून त्याच्याकडे बघत होती. सहज म्हणाली, "माझ्या भावांची छाती अशीच वाजायची शेवटी. दोघांचीही."

पलीकडे कटरचा आवाज थांबला. मी मशीनवरचा पाय उचलला.

"कुठले दोघे भाऊ?" काचवालीने विचारलं.

"माझे. माझ्यापेक्षा मोठे. एक माझ्या लग्नाआधी गेला, एक नंतर. तापाचं निमित्त झालं. तिसरा तेवढा राहिला, तो अजून ठणठणीत आहे."

"आई, हे तुम्ही कधी बोलला नाहीत."

"त्यात काय बोलायचं? ते माझ्या माहेरचं झालं. या घराशी त्याचा काय संबंध?"

एक सांगते, म्हातारीने लपवलं नव्हतं. लपवलं असतं तर मला बरं वाटलं असतं, निदान रागवायला धड कारण मिळालं असतं. तिने ते मोजलंच नव्हतं. तिचे स्वतःचे सख्खे भाऊ ज्या तापाने गेले त्याच तापाने तिची पोरंही गेली, आणि मध्ये सुतासारखी सरळ रेघ असताना या बाईने ती कधी ओढून बघितली नाही. कारण भाऊ त्या घरचे आणि पोरं या घरची. खापर फोडायला समोर सून होतीच. मी आडोशाला वळसा घालून तिकडे गेले आणि तोंडाला येईल ते बोलले. काचवालीनेच मला हाताला धरून बाहेर आणलं.

डॉक्टरीणबाईला कळवलं तर ती खुर्चीतून उठलीच. म्हातारीचं रक्त हवं, त्या तिसऱ्या भावाचंही हवं. म्हातारीत बदल निघाला आणि वाचलेल्या भावात नाही निघाला, तर सगळं जुळतं. पण भाऊ म्हणाला, ताई सांगेल तर देईन. आणि ताईने हात वर केले.

इस्पितळात समजावून सांगितल्यावर म्हातारीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला होता. "म्हणजे माझ्या पोरांना मीच मारलं, असं लिहून हवंय तुम्हाला?" आणि सुनेकडे वळून, "एवढ्या वर्षांचा सूड उगवतेस होय गं?" त्या दिवसापासून तिने तोंडाला कुलूप घातलं. दुकानात यायची, भिंतीकडे पाठ करून बसायची. गिऱ्हाइकांना काही ऐकवणं बंद झालं. मला वाटलं होतं या शांततेने मला आनंद होईल. तसा काही झाला नाही.

मग पोराला पुन्हा पडसं झालं. मुलगी धावत इस्पितळात गेली. डॉक्टरीणबाई रजेवर होती, दुसऱ्या कुणीतरी फाईल चाळली, लाल खूण दिसली नाही. "व्हायरल आहे, वाट बघा," म्हणून परत पाठवलं. ती दुकानात आली आणि पोराला आईच्या हातात देऊन खाली फरशीवरच बसली. रडलीसुद्धा नाही.

काचवालीने पोराचं अंग चाचपलं, गरम नव्हतं. त्याला लेकीच्या मांडीवर दिलं. हात पुसले. मग म्हातारीच्या स्टुलासमोर उकिडवी बसली. मी सगळं शब्दन् शब्द ऐकलं.

"आई, तुम्ही काही केलं नाहीत," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत नव्हतं. माहीत असतं तरी तुमच्या हातात काय होतं? तुमच्या अंगात काय आहे ते तुम्ही निवडलं नव्हतं. पोरं तुमच्यामुळे गेली नाहीत. तुमचा काही दोष नाही."

माझ्या हातातली सुई बोटात घुसली. हे शब्द त्या प्लायवुडमधून ऐकायला मी कितीतरी वर्षं टपून बसले होते. ते आले, पण उलट्या बाजूने आले. ज्या बाईला ते कुणी कधी म्हटले नाहीत तिनेच ते म्हटले, आणि तिला ते एकदाही न अडखळता कसे म्हणता आले? माझी खात्री आहे, तिला ते पाठ होते. रात्री-अपरात्री स्वतःला म्हणून म्हणून झाले असतील.

म्हातारी रडायला लागली. हुंदके देऊन, लहान पोरासारखी. काचवाली तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"खरंच म्हणतेस?" म्हातारीने विचारलं.

"खरंच."

"माझा दोष नाही?"

"नाही."

म्हातारीने नाक पुसलं. "मग चल. कुठे टोचून घ्यायचं ते दाखव." एवढंच. मी थांबले, आडोशाला कान लावून थांबले. आता पुढचं वाक्य येईल, आता म्हणेल, तुझाही नव्हता गं. चपला सरकवल्याचा आवाज आला, मग दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढल्याचा.

सगळं जुळलं. म्हातारीत बदल निघाला, तिच्या जिवंत भावात नाही निघाला. अहवालातला तो अनिश्चित शब्द गेला, पोराच्या फाईलवर लाल खूण लागली. डॉक्टरीणबाई म्हणाली, हा बदल आता त्या मोठ्या साठ्यात नोंदला गेलाय, उद्या कुठे दुसऱ्या पोरात सापडला तर त्याच्या आईला असं ताटकळावं लागणार नाही. थंडीत पोराला खरोखरीचा ताप आला तेव्हा पहिल्याच दिवशी आत घेतलं, औषध दिलं, आणि ते हसत घरी आलं. हे झालं हे मी विसरत नाही.

म्हातारी पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसायला लागली. तिने भावाकडून दोघा थोरल्यांचे फोटो मागवले आणि सगळ्यात उंची पट्टीत करून घेतले. जागा करायला सासऱ्यांचे आईबाप जरा वर सरकवले. आता गिऱ्हाइकाला सांगते, "आमच्या रक्तातच होतं ते. कुणाचा काय दोष?" गिऱ्हाईक मान हलवतं. काचवालीचे वडील अजून घरी कपाटावरच आहेत.

परवा मला राहवलं नाही. म्हातारी पाणी प्यायला आत गेली होती. मी आडोशावरून मान काढून विचारलं, "तुला कधी म्हणाली का, चुकलं म्हणून?"

"एकदा मीच विषय काढला," काचवाली म्हणाली. काचेवर पट्टी धरलेली होती. "म्हटलं, आई, तुम्ही मला पांढऱ्या पायाची म्हणायचात. तर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, मी? मी कशाला असं म्हणेन गं तुला?"

"खोटारडी!"

"नाही ना. तेच तर. त्या खरंच विसरल्यात." तिने कटर एकदाच ओढला, काच काठावर आणली आणि अंगठा दाबला. "त्यांना आता ते आठवतच नाही. आठवणारी मी एकटीच उरले."

"मी आहे की," मी म्हटलं.

"हो, तू आहेस," ती म्हणाली आणि तिने पुढची काच घेतली.